जुना फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवण्याआधी

नमस्कार मंडळी. आज जुन्या फ्लॅशबद्दल बोलूया, म्हणजे वडिलांच्या बॅगेत पडून असलेले, नाहीतर मुंबईत बोरा बाजारात, पुण्यात जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेले. त्यांचा उजेड आजही फर्स्ट क्लास असतो, अजिबात फेकू नका, पण मल्टिमीटरने व्होल्टेज मोजल्याशिवाय डिजिटल कॅमेऱ्यावर चढवूही नका.

का ते सांगतो. जुन्या फिल्म कॅमेऱ्यात शटर पूर्ण उघडलं की आत धातूच्या दोन पट्ट्या टेकायच्या, सर्किट पूर्ण झालं की फ्लॅश उडायचा. त्या पट्ट्यांना २० व्होल्ट काय आणि २०० काय, फारसा फरक पडत नव्हता, म्हणून फ्लॅशवाल्यांनीही ट्रिगरचं, म्हणजे फ्लॅश उडवणाऱ्या सर्किटचं व्होल्टेज तसंच्या तसं शूच्या (फ्लॅश कॅमेऱ्यावर जिथे सरकवून बसतो तो भाग) मधल्या पिनवर आणून सोडलं. डिजिटलमध्ये पट्ट्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक स्विच आला, आणि तो जास्त व्होल्टेजने जळतो. पहिल्याच फोटोला जळेल असंही नाही, त्यामुळे "माझ्याकडे तर चाललं" या सांगण्यावर कृपा करून जाऊ नका.

आयएसओ १०३३० नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात ट्रिगर व्होल्टेजसाठी २४ व्होल्टचा आकडा आहे. निकॉनच्या मॅन्युअलमध्ये २५० च्या वर नको आणि उलटी पोलॅरिटी (प्लस-मायनस उलटे) तर नकोच असं लिहिलेलं असतं, कॅननच्या सुरुवातीच्या डिजिटल बॉडींना मात्र ६ व्होल्टचीच मर्यादा धरून चालतात. तुमच्या बॉडीचं मॅन्युअल उघडून बघा.

आता सगळे विचारतात तो विविटार कंपनीचा २८३ हा जुना फ्लॅश. याचं नाव ऐकून निर्णय घेताच येत नाही, कारण जुन्या जपानी बनावटीच्या पीसवर २०० च्या वर व्होल्टेज मिळतं आणि नंतरच्या काहींवर १० च्याही खाली, दिसायला दोन्ही सारखेच. आणि विविटारच्याच २८५एचव्ही या मॉडेलमधलं एचव्ही बाहेरच्या हाय व्होल्टेज बॅटरीसाठी आहे, ट्रिगरशी त्याचा संबंध नाही. म्हणून हातात असलेला पीसच मोजायचा.

मोजणं सोपं आहे. नवे सेल टाका, फ्लॅश चालू करा, रेडी लाइट लागल्यावर अजून थोडं थांबा. डिजिटल मल्टिमीटर डीसी ५०० किंवा त्याच्या वरच्या रेंजवर ठेवा, लाल टोक मधल्या पिनला, काळं शूच्या बाजूच्या धातूला. बोटं लांब ठेवा. काटेवाला स्वस्त मीटर नको, तो स्वतःच करंट खेचतो आणि आकडा कमी दाखवतो, म्हणजे धोका असून नाही वाटतो. बरेच दिवस पडून असलेला फ्लॅश असेल तर आधी दोन-चारदा चार्ज होऊ द्या, आतला कॅपॅसिटर (वीज साठवणारा भाग) हळूहळू जागेवर येतो.

आणि काही झालं तरी खोलू नका! आतल्या कॅपॅसिटरवर ३०० च्या वर व्होल्ट असतात, सेल काढल्यावरही टिकून राहतात, त्याचा झटका जिवावर बेतू शकतो. हे मी अगदी मनापासून सांगतोय.

आकडा जास्त आला तर? वाइन कंपनीचा सेफ-सिंक (कॅमेऱ्यापर्यंत पोचणारं व्होल्टेज कमी करणारा अडॅप्टर) मिळाला तर मध्ये लावा. पण माझं मत विचाराल तर असा फ्लॅश कॅमेऱ्यावर नकोच, ऑप्टिकल स्लेव्हवर (दुसऱ्या फ्लॅशचा उजेड बघून फ्लॅश उडवणारा सेन्सर) बाजूला स्टँडला लावा, समोरून सपाट मारलेल्या उजेडापेक्षा चेहरा कितीतरी छान येतो. कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश मॅन्युअलवर हवा, टीटीएलवर (उजेड कॅमेरा स्वतः ठरवतो तो मोड) ठेवलात तर फोटोआधी मोजमापासाठी उडणाऱ्या प्री-फ्लॅशलाच स्लेव्ह उडून जातो आणि फोटोत उजेड येतच नाही. रेडिओ ट्रिगर (वायरशिवाय फ्लॅश उडवणारी जोडी) घेणार असाल तर फ्लॅशला लागणारा रिसीव्हर किती व्होल्ट झेपवतो तेही बघून घ्या, नाहीतर कॅमेरा वाचला आणि रिसीव्हर गेला असं होईल. शटर स्पीड १/१२५ पासून सुरू करा, फोटोत काळा पट्टा दिसला तर अजून खाली या.