पाण्याची धार आणि दातांमधल्या फटी

(कोल्हापुरात ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक सभेत एका दंतवैद्यांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. ओळख करून देताना अध्यक्ष म्हणाले, डॉक्टर आज दात कसे घासायचे ते सांगणार आहेत. तसं काही नाही. साठ-सत्तर वर्षं तुम्ही दात घासताय, ते आता मी काय शिकवणार! मला बोलायचंय ते ब्रश जिथं पोचतच नाही त्या जागेबद्दल, आणि त्या जागेसाठी हल्ली घरोघरी जी पाण्याच्या धारेची मशीन, म्हणजे वॉटर फ्लॉसर, यायला लागलीय तिच्याबद्दल. कुणाच्या मुलानं पुण्याहून ऑनलाईन मागवून दिलीय, कुणाच्या लेकीनं अमेरिकेतून आणलीय. आणि प्रश्न सगळ्यांचा एकच: ही घ्यावी का?

दाढेला पाच बाजू धरा. गालाकडची, जिभेकडची आणि वरची, चावायची. या तीन ब्रशला सापडतात. उरलेल्या दोन बाजू शेजारच्या दातांना टेकलेल्या असतात. तिथं ब्रशचे केस शिरत नाहीत, कितीही जोर लावा. हिरड्यांचं दुखणं बहुतेकांच्या तोंडात सुरू होतं ते याच दोन बाजूंना.

आपल्या गावात दातांच्या फटी वेगळ्या समजावून सांगायला लागत नाहीत. रविवारी सुक्कं मटण झालं की सोमवारी कुणी ना कुणी गाल धरून खुर्चीत येऊन बसतो. मटणाचा धागा अडकला होता, काडेपेटीतल्या काडीनं कोरला, नाही निघाला, मग मंगळसूत्रातली सेफ्टी पिन घेतली. धागा निघतो, हिरडी फाटते. पण खरं सांगायचं तर तो धागा गरीब आहे. तो टोचतो म्हणून कळतो तरी. न टोचणारा, न दिसणारा जंतूंचा चिकट थर जास्त वाईट. तो घासून काढला तर निघतो. ठेवला तर लाळेतल्या कॅल्शियममुळं काही दिवसांत दगडासारखा टणक होतो. त्यालाच आपण किटण म्हणतो. किटण चढलं की घरातला कुठलाही उपाय चालत नाही, ते आम्हालाच खरवडून काढावं लागतं. हे पहिल्यांदा डोक्यात घ्या, कारण मशीन विकणारे फोटो असे दाखवतात की पिवळ्या दगडावर पाणी मारलं आणि दात पांढरेशुभ्र झाले. असं होत नाही.

आता रक्ताचं. ब्रश करताना रक्त आलं की आपण काय करतो? त्या बाजूला ब्रश लावायचं सोडून देतो. आक्का मला सांगतात, "डॉक्टर, हिरडी नाजूक झालीया, म्हणून मी तिकडं हातच लावत नाही." हिरडी बहुतेक वेळा नाजूक झालेली नसते, सुजलेली असते, आणि सुजते ती तिथं घाण साठल्यामुळं. म्हणजे जिथून रक्त येतं तिथंच जास्त सफाई हवी, हलक्या हातानं. नीट सफाई सुरू केली की आठ-पंधरा दिवसांत रक्त कमी व्हायला लागतं. नाही झालं तर दवाखान्यात या. खाली किटण असेल किंवा हाड झिजत असेल. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

तर ही मशीन. अलीकडची वाटते, पण 1962 सालची आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स नावाचं गाव आहे. तिथले दंतवैद्य गेराल्ड मोयर आणि त्यांचे अभियंता पेशंट जॉन मॅटिंगली या दोघांनी मिळून ती बनवली. आत एक छोटा पंप, पाण्याची टाकी आणि पुढं सुईसारखी नळी. पाणी सलग येत नाही, तुटक तुटक येतं, मिनिटाला हजार-बाराशे ठोके. ही तुटक धारच कामाची. ठोका बसला की थर हलतो, मधल्या क्षणात पाणी मागं येतं आणि हललेली घाण घेऊन जातं. दाब साधारण 10 पासून 100 पीएसआयपर्यंत लावता येतो. मोटारसायकलच्या मागच्या टायरात तीसेक असतं, त्यामुळं आकडा ऐकून माणसं घाबरतात. पण इथं धार केसाएवढी असते आणि सुरुवात सगळ्यात खालच्या आकड्यावर करायची असते.

उपयोग किती? 2019 साली कॉक्रेन या संस्थेनं 35 अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नुसत्या ब्रशपेक्षा ब्रशच्या जोडीला फटीत फिरवायचा दोरा (फ्लॉस) किंवा फटीतला बारका ब्रश वापरला तर हिरड्यांची सूज कमी व्हायला मदत होऊ शकते, आणि दोऱ्यापेक्षा बारका ब्रश सरस ठरण्याची शक्यता आहे. पाण्याच्या धारेबद्दलचा पुरावा अजून तोकडा आणि एकसारखा नसलेला आहे. माझ्या खुर्चीतला अनुभवही तोच सांगतो: पाण्यानं हिरडीची सूज उतरते, पण दाताला घट्ट चिकटलेला थर घासल्याशिवाय जात नाही. म्हणून मशीन घेतली आणि ब्रश सोडला, असं कुणी करू नका.

हा बारका ब्रश तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलेलाही नसेल. बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू म्हणा ना. 0.4 मिलिमीटरपासून पुढं वेगवेगळ्या मापांत मिळतो, पाच-सहा नगांचं पाकीट औषधाच्या दुकानात येतं. वय वाढलं, हिरड्या खाली सरकल्या, दातांमध्ये काळे त्रिकोण दिसायला लागले की तिथं हा ब्रश मशीनपेक्षा चांगलं काम करतो, आणि फार स्वस्तात. हात स्थिर असेल, नजर चांगली असेल, तर आधी हा वापरून बघा. हे मी सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो. मशीनला चार-पाच बटणं असतात, ब्रशाला नुसती दांडी!

मग मशीन कुणी घ्यावी? ज्यांच्या तोंडात ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेला पक्का दात आहे, किंवा इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू घालून बसवलेला दात आहे त्यांनी. ब्रिजच्या पोटाखाली दोरा घालणं म्हणजे सत्वपरीक्षा असते, पाणी मात्र सहज जातं. घरात नातीला दातांना तारा बसवल्या असतील तर तिला नक्की द्या. तारांमध्ये पोह्याचा कण जरी अडकला तरी पोरं वैतागतात. संधिवातानं बोटं वाकलेली आहेत, हात थरथरतो, त्यांना दोरा धरणं जमत नाही, त्यांनाही उपयोगी. आणि मधुमेह असणाऱ्यांनी हिरड्यांकडं दुप्पट लक्ष द्यावं. साखर वाढलेली असली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात यायला त्रास होतो. हिरड्यांवर रीतसर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची साखर दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा, सरासरी 0.4 टक्क्यांच्या आसपास उतरल्याचं दिसून आलंय. लक्षात घ्या, रीतसर उपचार, म्हणजे किटण काढणं वगैरे. मशीन विकत घेतल्यानं साखर उतरत नाही.

सहा वर्षांखालच्या मुलांना ही देऊ नका. त्यांना ती पिचकारी वाटते, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? हृदयात कृत्रिम झडप असेल, तर तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. दाढ काढलीय, तिथली रक्ताची गुठळी धारेनं निघून जाईल. आम्ही सांगेपर्यंत त्या बाजूला लावायची नाही.

आणि मिश्री. मशीनही घेतलीय आणि सकाळ-संध्याकाळ मिश्रीही लावताय, तर तुमचे पैसे बेसिनमधून वाहून गेले असं समजा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. ती हिरडीवर चोळायची आणि वर पाणी मारायचं, याला काही अर्थ नाही.

खरेदीकडं येऊ. दोन जाती आहेत. एक बेसिनशेजारी ठेवायची, प्लगवर चालणारी, सहाशे मिलिलिटरच्या आसपास टाकी असलेली. दुसरी हातात धरायची, बॅटरीवरची, दोन-तीनशे मिलिलिटर टाकीची. घरात तिघं-चौघं वापरणार असतील तर पहिली बरी: टाकी एकदा भरली की एकाचं तोंड आरामात होतं. पण बेसिनजवळ प्लग आहे का, ते आधी बघा. आपल्या जुन्या पेठांतल्या घरांत मोरीजवळ प्लग नसतो, आणि ओल्या जागेत एक्स्टेन्शनची वायर ओढून चालवायची नाही. तिथं बॅटरीवालीच घ्या. तिची टाकी अर्ध्या तोंडात संपते, मध्येच भरावी लागते, एवढं सहन करा. खोक्यावर आयपीएक्स 7 लिहिलेलं बघा; म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास पडली तरी आत पाणी जाऊ नये, अशी चाचणी झालेली असते.

अमेरिकेहून आणलेली प्लगवाली मशीन असेल तर पाठीमागचा व्होल्टेजचा आकडा वाचल्याशिवाय लावू नका. तिकडं 120 व्होल्ट, आपल्याकडं 230. एका गृहस्थांच्या मशीननं पहिल्याच सकाळी धूर काढला, मुलाला सांगायची चोरी!

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नोझल, पुढची ती सुईसारखी नळी. मशीन दीड-दोन हजारांपासून मिळते, पण नोझल दर तीन ते सहा महिन्यांनी बदलायचं असतं. वर्षानं तेच नोझल मिळेनासं झालं की मशीन माळ्यावर जाते, आणि स्वस्तातल्या कित्येक मशीनचं हेच होतं. म्हणून घ्यायच्या आधी सुटी नोझलं मिळतात का ते शोधा, मग पैसे टाका. एक मशीन सगळ्या घराला चालते, नोझल मात्र ज्याचं त्याचं. रंगीत कडी असते ती त्यासाठीच. नवरा-बायकोंनीसुद्धा एकमेकांचं वापरायचं नाही.

आता वापर. इथं बहुतेकांचं बिनसतं, कारण पहिल्या दिवशी आरसा भिजतो, बंडी भिजते, आणि मशीन परत खोक्यात जाते. टाकीत कोमट पाणी घ्या. गार पाण्यानं दात शिवशिवतात. दाब सगळ्यात कमी. बेसिनवर नीट वाका, इतकं की हनुवटी बेसिनच्या आत यावी. नोझल आधी तोंडात घाला, मग बटण दाबा. उलटं केलंत की आरसा गेलाच. ओठ अलगद मिटा, घट्ट नको. पाणी तोंडात साठवायचं नाही, गिळायचं नाही, ओठांच्या कोपऱ्यातून आपोआप बेसिनमध्ये गळू द्यायचं. आरशात बघायचा मोह टाळा, मान वर केली की पाणी कोपरापर्यंत येतं. शेवटच्या दाढेपासून सुरुवात करा. धार दाताला काटकोनात, दात आणि हिरडी मिळते त्या रेषेवर धरा. रेषेरेषेनं पुढं सरकत फट आली की क्षणभर थांबा. आधी बाहेरची बाजू, मग आतली. जिभेखाली धार मारू नका, तिथली कातडी फार पातळ असते. सगळं मिळून मिनिट-दीड मिनिट. रात्री जेवणानंतर एकदा केलं तरी पुरे. त्यानंतर फ्लोराईडच्या पेस्टनं ब्रश करा, म्हणजे मोकळ्या झालेल्या फटीत पेस्ट जाईल.

पाणी कुठलं वापरायचं? जे पिता ते. हिरडी आणि दात यांच्यामधल्या खाचेत आपण ते दाबानं घालतोय. 2019 च्या महापुरात आपली पाणी उपसा केंद्रं बुडाली, किती दिवस टँकरवर काढले तुम्ही. अशा दिवसांत उकळून गार केलेलंच टाका, नाहीतर मशीन बंद ठेवा. बोअरचं जड पाणी असेल तर नळीत पांढरा क्षार धरतो आणि धार मंदावते. महिन्यातून एकदा अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन चमचे पांढरा व्हिनेगर घालून मशीन चालवा, मग साधं पाणी फिरवा. मीठ मात्र टाकीत घालू नका, पंप खराब होतो. मिठाच्या गुळण्या करायच्या तर पेल्यातून करा. वापर झाला की टाकी रिकामी करून उघडी ठेवा. आपल्या पावसाळ्यात झाकून ठेवलेल्या टाकीत बुळबुळीत थर धरतो. तोंडातला थर काढायला मशीन आणायची आणि मशीनमध्येच थर वाढवायचा!

काही चिठ्ठ्या आल्यात. "आवाज फार होतो, पहाटे सून उठते." रात्री वापरा. "गुळण्यांचं औषध टाकीत घातलं तर चालतं का?" मशीनच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर पाण्यात मिसळून चालतं, पण नंतर साधं पाणी सोडून नळी धुवा. गरज मात्र नसते, काम पाण्याचं असतं. "मशीन घेतली तर दर सहा महिन्यांनी तुमच्याकडं यायला लागणार नाही ना?" लागणार. किटण तपासायला.

शेवटची चिठ्ठी, नाव लिहिलेलं नाही: "माझे सगळे दात पडलेत, पूर्ण कवळी आहे. मी काय करू?" आण्णा, तुम्ही पैसे वाचवा. कवळी मऊ ब्रशनं आणि साध्या साबणानं धुवा, पेस्टनं घासू नका, ओरखडे पडतात. धुताना खाली बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा, म्हणजे हातातून सुटली तर फुटणार नाही. रात्री काढून वाटीत पाण्यात ठेवा, हिरड्यांना आणि टाळूला ओल्या फडक्यानं पुसून घ्या. आणि दात नसले तरी वर्षातून एकदा तोंड दाखवून जा.