सीताफळावरचं चिलट

(दृश्य: बीडचा फळबाजार, सकाळ. सीताफळांची पाटी.)

बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं. पाटीतलं एक उललंय, गर बाहेर आलाय आणि त्यावर चिलटं भिरभिरताहेत. शेतकरी जिच्या नावानं बोटं मोडतात ती फळमाशी वेगळी. ती धडक्या फळाला डंख मारून आत अंडी घालते. चिलट येतं ते आंबलेल्या फळावर. प्रयोगशाळेत याच जातकुळीला ड्रोसोफिला म्हणतात.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकातून मिशी.)

या आखूड मिशीनं ते वास घेतं आणि ऐकतंही. नर एक पंख थरथरवतो, ते गाणं मादी मिशीच्या दुसऱ्या पेरानं ऐकते. तिथल्या मज्जापेशीच्या टोकाला एक अतिसूक्ष्म तंतू असतो, सिलियम. त्याच्या बुडाशी असतो सेंट्रिओल, ज्यावरून सिलियम उगवतो: गोल रिंगणात रोवलेल्या नऊ खुंटांसारखी सूक्ष्मनलिकांची मांडणी.

माणसाच्या बहुतेक पेशींना सिलियम असतो. चिलटात तो संवेदी मज्जापेशींत आणि शुक्राणूंच्या घडणीत, एवढाच. आणि या दोन्हींची बांधणी सारखी नाही. मिशीत सिलियम वाढताना टोकापर्यंत प्रथिनांची ने-आण करणारी यंत्रणा लागते. ती बिघडली की चिलट बहिरं. शुक्राणूची शेपटी म्हणजेही सिलियमच, पण ती पेशीद्रवातच विणली जाते, तिथं ही ने-आण लागतच नाही. तरी ती भरते जवळपास १.८ मिलिमीटर, आणि अख्खं चिलट असतं जेमतेम अडीच! रूटलेटिन या प्रथिनावाचूनही मिशीचं अडतं, शुक्राणूचं नाही. सेंट्रिओलसुद्धा बदलतो: भ्रूणात त्याच्या नऊ खुंटांत नलिकांच्या जोड्या, शुक्राणू घडवणाऱ्या पेशींत तिकड्या, आणि उंचीही कितीतरी जास्त. जनुकं तीच. कुठल्या पेशीनं कोणतं प्रथिन कामाला लावलं, त्यावर सगळं ठरतं.

(दृश्य: कोशातून बाहेर पडणारं चिलट.)

२००६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी सेंट्रिओल बनवायला लागणाऱ्या सास-४ या एकाच प्रथिनाचं जनुक निकामी केलं. आईकडून मिळालेल्या प्रथिनावर बनलेले सेंट्रिओल सरले, नवे बनले नाहीत. तरीही पेशी विभागत राहिल्या, अळी झाली, कोश झाला, जवळजवळ वेळेवर चिलट बाहेर आलं. डोळे, पंख, पाय, सगळं जागच्या जागी. पण पायाचं कोणतं पेर कुठं वाकलंय हे सांगणारे सिलियम सेंट्रिओलवाचून उगवलेच नव्हते. त्याला धड उभं राहता येईना, आणि थोड्याच वेळात ते मेलं. हा प्रयोग वाचताना माझा जीव दर वेळी कळवळतो.

(दृश्य: पुन्हा पाटी.)

फळाच्या खवल्यावर एक चिलट उतरलंय. सहाही पाय टेकले. आता पुढचे दोन उचलून ते एकमेकांवर घासतंय.