बिनपंख्याचा संगणक आणि मधला दीड मिलिमीटर

नमस्कार मंडळी. फलकावर विषय लिहिलाय ‘बिनपंख्याचे मिनी पीसी : एक तुलना’. तुलना करणारच आहे. पण आधी या डब्यांच्या पोटातल्या, प्रोसेसर आणि डब्याचा धातू यांच्यामधल्या दीड मिलिमीटर फटीबद्दल बोलू द्या, कारण बहुतेक डब्यांचं घोडं तिथेच अडतं.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमधली बरीच मंडळी समोर दिसतायत. मशीनशेजारी पंख्याचा पीसी ठेवला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. कूलंटचा तेलकट फवारा आणि बारीक धूळ मिळून पात्यांवर चिकटा बसतो, बेअरिंग खरखरायला लागतं आणि एक दिवस पंखा थांबतो. लासलगावच्या कांद्याच्या शेडमध्ये टरफलांचा भुगा हेच काम करतो. म्हणून बिनपंख्याचा डबा हवा, हे बरोबरच आहे. पण पंखा काढला म्हणून उष्णता कमी होत नाही. प्रोसेसर जेवढे वॉट खातो, तेवढी उष्णता बाहेर पडायलाच हवी, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरची हवाच 40 अंशांवर असते.

भांडीबाजारात तांब्याचं पातेलं घेताना आपण ते हातात तोलून बघतो. डबा घेतानाही लोक तेच करतात : जड आहे, वर फिन, म्हणजे उष्णता फेकणाऱ्या पट्ट्या, दणदणीत आहेत, म्हणजे माल चांगला. पण पातेलं कितीही जाड असो, ते शेगडीला टेकलंच नाही तर?

ढोबळ हिशेब करू. प्रोसेसर 10 वॉट सोडतोय, धातूशी संपर्क एक चौरस सेंटिमीटरचा. मध्ये 0.1 मिलिमीटर चांगली थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) असेल, वाहकता 5 वॉट प्रति मीटर-अंश धरा, तर तापमानात फरक पडतो 2 अंशांचा. पेस्टऐवजी दीड मिलिमीटरचं साधं थर्मल पॅड (उष्णता नेणारी मऊ गादी) असेल, वाहकता 3, तर फरक 50 अंशांचा! आता डबा बघा. 13 सेंटिमीटर चौरस, 5 सेंटिमीटर उंच, तळ सोडून उघडा पृष्ठभाग 0.043 चौरस मीटर. हवा आणि उष्णतेचे किरण मिळून दर चौरस मीटरला अंशामागे 11 वॉट जातात असं धरलं, तर फिन न मोजता डबा हवेपेक्षा साधारण 21 अंशांनी गरम राहील. मेमध्ये 40 अधिक 21 अधिक 50 म्हणजे 111. इंटेल एन100 या प्रोसेसरची मर्यादा 105. म्हणजे तो वेग कमी करून स्वतःला वाचवणार, आणि आपण म्हणणार की सॉफ्टवेअर हळू चालतंय.

पॅड जाड का घालतात? बोर्डावरच्या भागांची उंची आणि बोर्ड ज्यांवर बसतो त्या खांबांची लांबी नगागणिक थोडी बदलते, मऊ पॅड ती चूक झाकतं. कारखान्याची सोय होते, उष्णतेची होत नाही.

दुरुस्ती घरच्या घरी होते. डबा उघडा, जुनं पॅड काढा, प्रोसेसर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. त्यावर पातळ प्लॅस्टिक ठेवून मुलांच्या खेळण्यातल्या क्लेची वाटाण्याएवढी गोळी ठेवा, झाकण लावून स्क्रू आवळा, पुन्हा उघडा. चपटलेली गोळी व्हर्नियरने मोजा. तीच तुमची फट. फट 1.5 मिलिमीटर भरली तर 1.4 ची तांब्याची पट्टी घ्या आणि दोन्ही बाजूंना पेस्ट लावा. 50 अंशांचा फरक साधारण अडीच अंशांवर येतो. पट्टी जाड निघाली तर 400 नंबरच्या पॉलिशपेपरवर घासा, स्क्रू दाबून बसवू नका. एन100 ची सिलिकॉन चिप उघडी असते, कोपरा टवकतो आणि बोर्ड जातो. शेजारच्या कॅपॅसिटरना पट्टी टेकली तर शॉर्ट होईल, तिथे कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी चिकटपट्टी) लावा. स्क्रू गाडीच्या चाकासारखे समोरासमोर आवळा. द्रव धातूची पेस्ट मात्र नको, त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियम खातं.

मग तपासणी. दहा मिनिटांच्या चाचणीला काही अर्थ नाही. एक किलो अ‍ॅल्युमिनियमला एक अंश तापवायला 900 ज्यूल लागतात, म्हणजे 15 वॉटवर मिनिटाला जेमतेम एक अंश. डबा स्थिरावायला तास-दीड तास जातो. पूर्ण भार देऊन तेवढा वेळ थांबा, मगच आकडा लिहा.

आयोजकांनी घड्याळ दाखवलंय, तर तुलना झरझर घेतो.

पहिला प्रकार, सबंध अ‍ॅल्युमिनियमचा डबाच हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषून बाहेर फेकणारा धातू. एन100 आणि चार लॅन पोर्टवाले असेच असतात. भोकं नाहीत, धूळ शिरत नाही, शॉपफ्लोअरला हाच घ्या. मात्र बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) पीएल1, म्हणजे प्रोसेसरला सतत खाता येणाऱ्या वॉटची मर्यादा बघा, तिथे 15 किंवा जास्त असेल तर 10 करा. दुसरा, हीटपाइपच्या (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या) केसेस, स्ट्रीकॉम किंवा एचडीप्लेक्ससारख्या. 65 वॉटचा डेस्कटॉप प्रोसेसर चालतो, पण ब्लॉक, नळी, बाजूची भिंत अशा प्रत्येक सांध्यावर पेस्ट नीट हवी. घरच्या शांत संगणकाला उत्तम. तिसरा, झोटॅकच्या सी मालिकेसारखा जाळीदार डबा, आत हीटसिंक. हवा आरपार जाते, कार्यालयात छान, कांद्याच्या शेडमध्ये नको. चौथा, अ‍ॅल्युमिनियमच्या केसमधला रास्पबेरी पाय, म्हणजे एका छोट्या बोर्डावरचा संगणक. 80 अंशांपुढे वेग घटवतो, पण लेबल छापायला किंवा पडद्यावर दर दाखवायला पुरेसा आहे.

रंगाचं विचारतात. अ‍ॅनोडाइज्ड पृष्ठभाग उघड्या चकचकीत धातूच्या कितीतरी पट उष्णता किरणांनी फेकतो, मग तो काळा असो वा निळा. भिंतीवर लावताना फिन उभे ठेवा, आडव्या फिनमध्ये हवा अडते. टेबलावर ठेवलात तर तळाखाली 20 मिलिमीटर जागा सोडा, कारण एसएसडी (माहिती साठवणारी ड्राइव्ह) बहुधा तळाशीच असते आणि तिलाही पॅड लावून तळाच्या पत्र्याशी जोडायचं असतं. आणि वर क्रोशाचा रुमाल टाकू नका.