तबकडीवर नाव नसलेला ट्रम्पेट

मित्रहो, 'शोला जो भडके' आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. 'अलबेला', १९५१. लतादीदींबरोबर गाणारे चितळकर म्हणजे स्वतः संगीतकार सी. रामचंद्र, आणि पडद्यावर भगवानदादा. आज घरी गेल्यावर हे गाणं पुन्हा लावा. फक्त शब्दांकडे लक्ष देऊ नका. एक ओळ संपून दुसरी सुरू होईपर्यंत जी जागा मोकळी राहते, तिथे काय वाजतं ते ऐका. त्या जागांमध्ये एक अख्खा डान्स बँड आहे.

या सिनेमाच्या संगीतामागे सी. रामचंद्रांच्या जोडीला ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव गोव्यातलं हळदोणे. लुई आर्मस्ट्राँग म्हणजे अमेरिकेतला विख्यात जॅझ ट्रम्पेटवादक; मुंबईत चिकना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. 'अलबेला'त ते आणि त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. पण मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या हातात घेऊन पाहा. मधल्या गोल कागदावर सिनेमाचं नाव, गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव. ट्रम्पेट कोणी वाजवला, व्हायोलिनवर कोण होतं, एक अक्षर नाही. माझं रेकॉर्डवेड इथूनच सुरू होतं. नाव छापलेलं नसेल तर वादक फुंकीवरून ओळखायचा. सूर कसा पकडतो, कुठे कापरा करतो, ओळीचा शेवट कसा सोडतो, हे कानात बसलं की पुढे तोच माणूस दुसऱ्या गाण्यातही भेटतो. तो आनंद काय सांगू!

ही माणसं सिनेमात आली कुठून? १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा जॅझ बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ यांचाही बँड मुंबईत वाजू लागला. त्यांच्या बँडनं १९३६ साली मुंबईतच 'रेक्स' लेबलसाठी रेकॉर्ड केल्या. त्या कुठे ऐकायला मिळाल्या तर सोडू नका. इतकं मोकळं, हसरं वादन त्या काळच्या मुंबईत झालं यावर विश्वास बसत नाही. गोव्याची मुलं चर्चच्या शाळेत लहानपणीच स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, आणि व्हायोलिन शिकून यायची, त्यामुळे हे नवं संगीत त्यांनी भराभर उचललं. पुढे १९४९चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांतली रात्र मंदावली, आणि हॉटेलातले वादक फिल्म स्टुडिओंकडे अधिकाधिक वळले. संगीतकारानं पेटीवर चाल ऐकवायची आणि सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांनी ती वाद्यवृंदासाठी कागदावर उतरवायची. यातलं गोन्साल्विस हे नाव तुम्ही ऐकलेलं आहे. प्यारेलालजींनी आपल्या या व्हायोलिनच्या गुरूंचं नाव १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यात आणलं. बाकीचे पडद्यामागेच राहिले, आणि ते मला फार लागतं.

आता एक तांत्रिक गोष्ट, पण महत्त्वाची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावतात. हॉटेलात जोडपी नाचत असताना बँडला हवं तेवढं लांबवता येई. रेकॉर्डवर मात्र सोलोला, म्हणजे एकट्या वादकाच्या वाजवण्याला, मोजकी आवर्तनं मिळत. वादकानं जे काय सांगायचं ते तेवढ्यात. म्हणून या जुन्या रेकॉर्डमधले सोलो असे ठासून भरलेले लागतात. सुईची खरखर असू द्या. थोड्या वेळानं कान ती बाजूला सारतो.

पण नुसत्या तबकड्या जमवून घरात बसणं मला पटत नाही. त्याच परंपरेतली फुंक आज जिवंत ऐकायला मिळते: तियात्रात, म्हणजे गाण्यांनी भरलेल्या कोंकणी नाटकात. तियात्राचा जन्मही आपल्या मुंबईतलाच, १८९२ सालचा. नाटकाचे अंक म्हणजे 'पड्डे', आणि दोन पड्ड्यांच्या मध्ये नाटकाच्या कथेशी संबंध नसलेली 'कांतारां', म्हणजे गाणी. साथीला रंगमंचासमोर खराखुरा बँड: ट्रम्पेट, सॅक्सोफोन, कीबोर्ड, बेस गिटार, ड्रम्स. गायक माइकशी यायच्या आत ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन जोडीनं चालीचा मुखडा वाजवतात. कडवं संपतं, पुन्हा फुंकवाद्यं उसळतात. कांतार राजकारणावरचं असलं आणि एखादी ओळ वर्मी बसली की प्रेक्षक शिट्ट्या मारतात, गायकाला परत बोलावतात. तो आणखी एक कडवं घेऊन येतो, आणि बँड क्षणात त्याच्या मागे उभा. ट्रम्पेटवाला दम घेतो, ओठ ओले करतो, पुन्हा लावतो. हे डोळ्यांनी बघितलं की 'अलबेला'तल्या त्या मधल्या जागा कशा वाजल्या असतील ते कळायला लागतं.

भाषेची अडचण वाटू देऊ नका. मराठी माणसाला कोंकणी पहिल्या पड्ड्यात थोडी अडेल, तिसऱ्यापर्यंत सवय होते. गोव्याला जाल तेव्हा समुद्रावरची एक संध्याकाळ कमी करा. पणजीला कला अकादमी, मडगावला रवींद्र भवन, तिथे तियात्राची चौकशी करा. मुंबईतही प्रयोग होतात. तिकीट काढताना बँड कुठल्या बाजूला बसतो ते विचारून घ्या आणि त्याच बाजूची पुढची खुर्ची मागा. मध्यंतरात सगळे चहाला जातील. तुम्ही आधी बँडपाशी जा आणि ट्रम्पेट वाजवणाऱ्याला त्याचं नाव विचारा.