कमजोर प्रोटीन जिंकतं कसं? पेशीतल्या डायनीनची गोष्ट

नमस्कार मंडळी, सोलापुरातून बोलतोय, आणि आजचा विषय मला मनापासून आवडतो.

अकरावीच्या बायोलॉजीत सायटोस्केलेटन येतं. पेशीचा सांगाडा, पेशीला आकार देतो, एवढं लिहून आपण पुढं जातो. पण हा सांगाडा हाडांसारखा ठाम नसतो बघा, तो सतत बांधला जातो, सतत मोडतो, आणि वर त्याच्यावरून मालाची ने-आण चालू असते ती वेगळीच. त्यात मायक्रोट्यूब्यूल नावाच्या पोकळ नळ्या असतात, ट्यूब्युलिन प्रोटीनच्या, जाडी फक्त 25 नॅनोमीटर. यांच्यावरून मोटर प्रोटीन चालतात. खरंच चालतात, पाऊल टाकत! किनेसिन साधारण पेशीच्या मधून कडेला माल नेतं, एक पाऊल 8 नॅनोमीटरचं, पावलाला एक एटीपी, म्हणजे पेशीच्या इंधनाचा एक रेणू, खर्च. डायनीन उलट, कडेकडून आत आणतं.

आता गंमत अशी की एकेकटं मोजलं तर किनेसिन दणकट, पाचेक पिकोन्यूटन जोर लावतं, आणि आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांचं डायनीन जेमतेम एकाच्या आसपास. एक ग्रॅम वजनाचा भार म्हणजे जवळपास हजार कोटी पिकोन्यूटन, यावरून अंदाज घ्या. मग पेशीतला मोठा माल हे कमजोर डायनीन ओढतं कसं?

हा प्रश्न धरून बसले रूप मल्लिक, मूळचे फिजिक्सवाले, मुंबईत कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत त्यांची लॅब होती, 2018 चं इन्फोसिस प्राइझ याच कामासाठी मिळालं. त्यांच्या टीमनं काय केलं, तर उंदराच्या मॅक्रोफेज पेशींना, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींना, प्लास्टिकचे बारीक मणी गिळू दिले. पेशीला वाटतं जंतूच आलाय, ती डायनीन लावून मणी आत ओढायला लागते, आणि नेमका तेव्हाच लेझरच्या चिमट्यात तो मणी धरायचा. ओढ किती बसते ते जिवंत पेशीत मोजायचं. काय डोकं आहे बघा!

2013 ला जे छापून आलं ते असं, की डायनीन टोळीनं ओढतं आणि भार वाटून घेतं. आपल्याकडं पूर्व भागात नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, तो ओढताना पुढच्याला जास्त ताण बसला की त्याची पावलं आखूड पडतात, मागचे जवळ येतात आणि मग सगळ्यांचा जोर एकदम लागतो. डायनीनचं अगदी तसंच, भार नसताना लांब ढांगा, भार वाढला की 8 नॅनोमीटरची छोटी पावलं. किनेसिनला असं जुळवून घेणं जमत नाही, त्यामुळे एकट्यात भारी असूनही टोळीत ते मागं पडतं.

याच लॅबनं नंतर उंदरांच्या लिव्हरवर काम केलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जेवल्यावर इन्सुलिन वाढतं, किनेसिन फॅटच्या थेंबांवर चढतं, थेंब पेशीच्या कडेला जातात आणि तिथून फॅट रक्तात जायची तयारी होते. उपाशीपोटी लिव्हरमध्ये फॅट येऊन साठतं, पण थेंबांवर किनेसिन कमी, म्हणून सगळं एकदम रक्तात उतरत नाही. फॅटी लिव्हर घरोघरी ऐकू येतंय आता, म्हणून हे नीट समजून घ्या.

आणि हीच प्रोटीनं पेशीबाहेर काढून काचेवरही चालतात. काचेला मोटर चिकटवायच्या, वरून मायक्रोट्यूब्यूलसारखे तंतू सोडायचे, एटीपी घालायचं, तंतू सरकायला लागतात. 2016 मध्ये तर चिपवर सूक्ष्म वाटा कोरून त्यातून असे तंतू पळवले आणि गणित सोडवलं, 2, 5, 9 या आकड्यांतून कुठल्या बेरजा होतात ते. वाटांच्या शेवटी प्रत्येक आकड्याचं एक दार, 7 च्या दारातून तंतू बाहेर पडतात, कारण 2 आणि 5, पण 8 ची बेरीज होतच नाही, तिथं चुकून एखादाच येतो. गणित लहान आहे, पण हजारो तंतू एकाच वेळी वेगवेगळ्या वाटा तपासतात, तेही अगदी थोड्या ऊर्जेत. बायोटेक करणाऱ्या पोरापोरींनो, हा पेपर शोधून वाचाच, आणि अडलं तर कमेंटमध्ये विचारा, मी उत्तर देतो.