१४ बाय १६ फुटांत १२ माणसं

हे लाकडी घर आधी नीट बघून घ्या. अमेरिकेतल्या नेब्रास्कामध्ये बिॲट्रिस नावाचं गाव आहे, तिथल्या होमस्टेड पार्कमध्ये हे जपून ठेवलंय, पामर-एपार्ड केबिन म्हणतात याला. १८६७ साली जॉर्ज पामरने बांधलं. माप १४ बाय १६ फूट, म्हणजे मुंबईतला एखादा वन आरके समजा, आणि राहायला नवरा-बायको आणि त्यांची १० मुलं! हा आकडा कळल्यापासून रात्री कोण कुठे झोपत असेल हेच माझ्या डोक्यात फिरतंय.

आता जरा कोपऱ्यापाशी या. ओंडके तासून, टोकाला खाचा पाडून एकमेकांत अडकवलेत, आणि मधल्या फटी लिंपून बुजवल्यात, नाहीतर इथला हिवाळा सरळ अंथरुणात शिरेल. लाकूडही एका जातीचं नाही, जे टणक मिळालं ते वापरलंय, कारण हा सगळा गवताळ मुलूख, झाडं असतील ती ओढ्याकाठी, म्हणून कितीतरी लोकांनी तर गवताच्या मुळांसकट मातीची ढेकळं कापून त्यांच्याच भिंती रचल्या.

एवढे हाल कशासाठी? जमिनीसाठी. अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांनी १८६२ मध्ये होमस्टेड कायद्यावर सही केली, त्यात थोडीशी फी भरून १६० एकर मिळायचे, अट एवढीच की तिथे घर बांधा, ५ वर्षं राहा, जमीन कसा. एकट्या बाईलाही अर्ज करता यायचा आणि गुलामीतून सुटलेल्यांनाही, त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट होती बघा.

पण ही जमीन काही रिकामी पडलेली नव्हती हो. हा ओटो आणि मिसुरिया या इथल्या मूळ रहिवाशांचा मुलूख, त्यांच्याकडून तो करार करून करून काढून घेतला आणि १८८१ मध्ये उरलेल्यांना पार ओक्लाहोमाकडे पाठवलं. हे घर दाखवायचं आणि ते सांगायचं नाही, हे मला पटत नाही.

पुढे घर कमी पडायला लागलं तेव्हा मागे एक पडवी काढली, १० बाय १२ ची. पामर कुटुंबानंतर पुढे हे घर एपार्ड कुटुंबाकडे आलं, आणि तेही जवळजवळ ४० वर्षं इथेच राहिले. १९५० मध्ये जवळच्याच भागातून उचलून हे घर पार्कात आणून ठेवलं. आत जाताना जरा थांबा आणि त्या ओंडक्यांवरून हात फिरवू नका, मोह होतो पण १५० वर्षांचं लाकूड आहे, नुसतं बघा, कुऱ्हाडीचे घाव दिसतील.