बिलगणारे, भिडणारे आणि बाजूला सरणारे

(इंदूरमधल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पाऊण तास दिलाय, त्यातला बराचसा सत्कारात गेला. नारळाबद्दल तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे, ती आधी सांगून टाकतो.

आपल्यात कमी बोलणारा दिसला की लगेच माणूसघाणा ठरतो. लग्नात मुलगा कोपऱ्यात बसला की मावशी आईच्या कानाला लागते, "ह्याचं काही बिनसलंय का गं?" काही बिनसलेलं नसतं हो! स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगनं १९२१ साली अंतर्मुख-बहिर्मुख मांडलं ते मनाची ओढ कुठे आहे, आत की बाहेर, यावरून. लाजाळूपणा निराळा. लाजणाऱ्याला चार लोकांत यायचं असतं, पण धीर होत नाही. अंतर्मुखाला धीर असतो, त्याला फक्त जेवून लवकर घरी जायचं असतं.

आता सराफ्याचा, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या आपल्या सोनेबाजाराचा किस्सा. पुण्याचे पाहुणे आले की इंदूरकर दुसरीकडे कुठे नेणार? सोन्याची दुकानं बंद झाली, समोर कढया लागल्या, थंडी मस्त. आमचे मेहुणे गराडूवाल्याशी (गराडू म्हणजे तळलेला कंद) क्षणात भैया-भैयावर आले. सगळ्यांच्या प्लेटा त्यांनीच सांगितल्या, नको म्हणणाऱ्यांच्यासुद्धा. आतेभाऊ दुसऱ्या तऱ्हेचा. लिंबू कमी का पिळलं, मधे कोण घुसलं, साबुदाण्याच्या खिचडीवर शेव कसली घालता! (हसू नका, पुण्याचे कुणी बसले असतील.) आणि वहिनी भुट्ट्याच्या किसाचा द्रोण घेऊन बंद शटरच्या पायरीवर. घरी आल्यावर एकमतानं ठरलं की वहिनींना मजा आली नाही.

पण आत्याचे गुडघे दुखतायत, तिला उभं राहवत नाहीये, हे कुणाला दिसलं? मेहुणे रबडीत, आतेभाऊ भांडणात. वहिनी उठल्या, एका दुकानदाराकडून स्टूल मागितलं, आत्याच्या मागे ठेवलं आणि परत पायरीवर. परतताना गाडीत आत्या हट्टानं त्यांच्याच शेजारी बसली.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषय आत्ता सुरू होतोय!

तर मनोविश्लेषक कॅरेन हॉर्नाय. जन्म जर्मनीतला, १९३२ मध्ये अमेरिकेत गेल्या. १९४५ साली त्यांनी माणसांशी वागण्याच्या तीन दिशा मांडल्या: लोकांकडे सरकणं, लोकांवर चालून जाणं, लोकांपासून दूर होणं. मेहुणे, आतेभाऊ, वहिनी! पण खरी मेख पुढे आहे. निरोगी माणूस तिन्ही दिशा वापरतो, प्रसंग बघून. एकाच दिशेला अडकला की त्रास सुरू. आमच्या वहिनी शाळेत शिकवतात. पालकसभेत त्यांना भिडायची कुणाची छाती नाही. मेहुण्यांना मात्र कुणाला नाही म्हणता येत नाही, आणि त्यापायी त्यांचे उधार दिलेले पैसे बुडतात. आता सांगा, अडकलंय कोण?

एक घाईत. हल्ली स्थळ बघताना चार अक्षरी टाइप विचारायची टूम आहे, MBTI नावाच्या स्वभावचाचणीतून निघणारा, INFJ वगैरे. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर पुष्कळांचा टाइप बदलतो. बहुतेक माणसं अंतर्मुख-बहिर्मुखाच्या मधेच कुठेतरी असतात, टोकाला थोडीच. पत्रिका तरी बदलत नाही.

अध्यक्ष उठलेच. प्रश्न असतील त्यांनी बाहेर चहाला गाठा. चारचौघांत विचारायचं नसेल त्यांनी चिठ्ठी द्या, उत्तर लिहून पाठवतो.